डावा हात खिशात

त्यांचा डावा हात मी एकदाच नीट पाहिला. एरवी तो पॅन्टच्या खिशात असे. आमच्या क्वार्टरांची एक भिंत सामाईक होती, पाण्याचा नळ सामाईक होता आणि खाणीचा भोंगाही एकच होता. तरी त्या हाताची आणि माझी ओळख व्हायला एक माणूस जमिनीखाली अडकावा लागला.

पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. गावाबाहेरच्या एका कोळशाच्या खाणीत मी हजेरीचा कारकून होतो आणि ते विजेच्या खात्याचे प्रमुख. मजूर त्यांना बिजलीसाहेब म्हणत. मी फावल्या वेळात वाचत बसतो म्हणून ते मला 'ग्रंथपाल' म्हणत, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

हात खिशात ठेवण्यामागे शास्त्र होतं. हाय व्होल्टेजच्या यंत्रात बोट घालायचं तर एकच हात वापरावा, हा त्या धंद्यातला जुना नियम. दोन्ही हात लागले की वीज एका हातातून शिरते, छाती ओलांडते आणि दुसऱ्यातून बाहेर पडते. "आणि वाटेत हृदय लागतं," ते म्हणत, "नागपूरहून बल्लारशाला जाताना चांदा लागतं तसं." बाकीचे लोक हा नियम कामाच्या टेबलापुरता पाळतात. यांनी तो आयुष्याला लावला. लग्नात अक्षता एका हाताने. नाडी बांधायला दोन हात लागतात म्हणून बूट वर्ज्य, पायात कायम चपला. टाळ्या वाजवायची वेळ आली तर उजवा हात मांडीवर आपटत. नमस्कारही एकाच हाताने, कपाळापर्यंत नेऊन. मॅनेजरना वाटे हा आपल्याला सॅल्यूट करतो, म्हणून मॅनेजर खूश. महाकालीच्या पुजाऱ्याला वाटे हा देवीलाही सॅल्यूट करतो, म्हणून पुजारी नाराज.

दुसरं वेड मधोमध बसण्याचं. बाकावर मध्ये, पंगतीत मध्ये, बैलगाडीत दोन चाकांच्या मध्ये. त्यांची खाट खोलीच्या ऐन मध्यावर, बरोबर मोठ्या मयालीखाली असे. मयाल म्हणजे छपराचा भार पेलणारं आडवं लाकूड. भिंतीकडेला खाट लावून जागा मोकळी करा, असं मी एकदा सुचवलं.

"ग्रंथपाल, भिंतीला टेकलेल्या माणसाला एकाच बाजूला सरकता येतं. मधल्याला दोन्ही बाजू मोकळ्या."

"पण झोपेत सरकायचं कशाला?"

"सरकायचं नसतं. मोकळीक असावी लागते."

तिसरं होतं एक वाक्य. फ्यूज उडाला, पंप अडला, कचेरीतला पंखा कुरकुरला, की ते म्हणत, "यंत्र चुकत नाही. निवडणारा चुकतो." आतापर्यंत निवडणारे नेहमी दुसरे कुणी असल्यामुळे हे वाक्य त्यांना फार सोयीचं होतं.

मग एकदा निवडण्याची पाळी त्यांच्यावर आली. खाणीचं छत कोसळण्याआधी आतून बारीक तडतडतं. तो आवाज वर बसून ऐकता यावा असं एक यंत्र कंपनी घेणार होती. खडकाला चिकटवायचा एक 'कान', तिथून वरपर्यंत तार आणि वर तो क्षीण आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर. बिजलीसाहेबांकडे असा ॲम्प्लिफायर एक होताच. तरुणपणी त्यांनी स्वतः वनस्पती तुपाच्या डब्यात जोडलेला, एका बॅटरीवर चालणारा. पण कमिटीपुढे त्यांनी परदेशी यंत्राची बाजू लावून धरली. त्या यंत्राला एक पुरवठा शून्याच्या वरचा आणि एक शून्याच्या खालचा, असे दोन हाय व्होल्टेज पुरवठे लागत. आवाजाची लाट शून्याच्या वर जाते तशी खालीही जाते, दोन्ही अंगांना ऐसपैस जागा हवी, असं त्यांनी दुपारभर समजावलं. कमिटीला त्यातलं काही कळलं नाही. मॅनेजरना यंत्राचा लाल दिवा आणि दोन काटे आवडले. यंत्र आलं, नारळ फुटला, हार पडला, पेढे मी वाटले. तुपाचा डबा मजूर लाइनीतल्या भजनी मंडळाला दान झाला आणि गणपतीत त्यातून अभंग वाजू लागले.

त्या उद्घाटनाला छताखाली टेकू लावणारा सोमाजी आला होता. मोहर्लीकडच्या जंगलातल्या गोंड वस्तीतला हा गडी. त्याचं काम सगळ्यांच्या पुढे जायचं. एका हाताने काठी छतावर ठोकायची, दुसऱ्या हाताचा तळवा छताला लावून थरथर जोखायची आणि मग सांगायचं, इथे टेकू लावा, इथे उभे राहू नका. छत पक्कं असेल तर टणक वाजतं, पोकळ असेल तर भद्द. यंत्राकडे दोनदा बघून तो बिजलीसाहेबांना म्हणाला, "साहेब, दुसरा हात गहान टाकला का?"

"वीज एकाच हाताने धरायची असते, सोमाजी."

"आमचं बरं हाय. छत दोन हातानं धरा लागते, पन ते करंट मारत नाई. डायरेक्ट आंगावरच येते."

सगळे हसले. बिजलीसाहेबही हसले, मांडीवर थाप मारून.

वैशाखात एका सकाळच्या पाळीला छत खाली आलं. यंत्राचा 'कान' तेव्हा खाणीच्या दुसऱ्या टोकाला होता. बाकीचे पळाले. सोमाजी पुढे होता, तो ढिगाऱ्यापलीकडे राहिला. मी हजेरी पुन्हा पुन्हा लावून पाहिली. प्रत्येक वेळी त्याच एका नावाला उत्तर येईना.

एवढंच असतं तर ढिगारा उपसला असता. पण आमच्या भागातल्या कोळशाला एक वाईट खोड आहे. हवा लागली की तो आपोआप तापतो आणि धुमसतो. शेजारच्या गल्लीतून धूर येऊ लागला. मॅनेजरनी खाणीची मुख्य वीज पाडायला लावली. आग पसरू नये म्हणून त्या भागाचं तोंड विटांनी बांधून काढायचं, हवा तोडायची, हा अशा वेळचा नियम. पलीकडे जिवंत माणूस असेल, तर त्या भिंतीने तोही संपतो. पण ढिगाऱ्यापाशी जी माणसं उपसत होती, धूर वाढला असता तर तीही गेली असती. मॅनेजरना मी नंतर पुष्कळ नावं ठेवली आहेत. त्या दिवसाबद्दल नाही ठेवत.

"पलीकडे कोणी आहे का, एवढंच मला सांगा," ते बिजलीसाहेबांना म्हणाले. "असेल तर भिंत थांबवतो. नसेल तर उपसणाऱ्यांना वर काढतो."

खाणीच्या तोंडाशी टोपीदिवे, म्हणजे मजुरांच्या टोपीवरचे दिवे, ठेवायची एक कोठी होती. तिथे यंत्र मांडलं. ढिगाऱ्याच्या दगडाला 'कान' लावला, तार वर आणली. पण मेन पाडल्यावर यंत्राला वीज कुठली? यंत्रातले काचेचे व्हॉल्व्ह तापवायला टोपीदिव्यांचे सेल होते. हाय व्होल्टेजसाठी क्लबच्या रेडिओची बॅटरी काढली, मॅनेजरच्या बंगल्यातली काढली, माझी काढली आणि सगळ्या ओळीने जोडल्या. एका बाजूचा पुरवठा तेवढा झाला. दुसरीला काही उरलं नाही. बिजलीसाहेबांनी वरची बाजू जोडली, खालची तशीच सोडली आणि 'काना'वर हातोडी मारून बघायला खाली निरोप धाडला. हातोडी खणखणीत ऐकू आली. लाल दिवाही लागला. मग हेडफोन कानाला लावून ते बसले, बाकाच्या मधोमध.

काहीच ऐकू येईना.

कोठीच्या दारात सोमाजीची बायको पारबता बसली होती. कुणी तिला पाणी दिलं, तिने ते बाजूला ठेवलं. आत उन्हाची एक तिरीप टेबलावर पडली होती, ती हळूहळू सरकत यंत्राच्या काट्यांवर आली. काटे ढिम्म. खालून फोन आला, उपसणाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलंय. मॅनेजरनी बिजलीसाहेबांकडे पाहिलं. बिजलीसाहेबांनी मान हलवली. मॅनेजर फोनमध्ये म्हणाले, "भिंत सुरू करा."

पारबता उठली. तिचा आवाज चढला नाही. "साहेब, तुमी एक हात खिशात घालून माह्या मानसाले धुंडून राह्यले. दुसरा हात कोनासाठी ठेवला?"

कुणी तिला गप्प केलं नाही. बिजलीसाहेब मात्र शाळेतल्या पोराला सांगावं तसं म्हणाले, "बाई, दोन्ही हात घातले तर मी मरेन. मग ऐकेल कोण?"

"आता तरी कोन आयकून राह्यलं?"

हेडफोन त्यांनी कानावर आणखी दाबला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मला बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. त्यांच्या कपाळावर एक आठी आली. ती भीतीची नव्हती, हिशेब न जुळणाऱ्या माणसाची होती.

"ग्रंथपाल," ते हळूच म्हणाले, "खाणीत पाणी टपकतं ना?"

"सारखं टपकतं."

"मग ते कुठे आहे?"

खालून निरोप आला, भिंत गुडघ्याएवढी झाली.

ते उठले. मॅनेजर, त्यांचे दोन साहाय्यक, फोनवरचा माणूस, दारातली बाई, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलले. "ही खाणीची शांतता नाही, या यंत्राची आहे. खालचा पुरवठा नाही म्हणून हे तळाला जाऊन बसलंय. हातोडीचा दणका असेल तर ढवळतं, बारीक आवाजाला उठत नाही. पलीकडे पाणी टपकत असेल, माणूस ठोकत असेल, तरी हे मुकंच राहणार. यंत्र चुकलेलं नाही. निवडणारा चुकला. निवडणारा मी."

मॅनेजरना आपण खाल्लेला उद्घाटनाचा पेढा आठवला असावा. "मग आता?"

"माझा जुना डबा आणा. तो एकाच पुरवठ्यावर चालतो. आधी पुरवठ्याच्या मधोमध जाऊन बसतो आणि मग तिथून वर-खाली हलतो. त्याला खालच्या बॅटरीची गरज नाही."

"तुपाचा डबा? गणपतीचा?"

"होय. गणपतीचा."

"भिंत मी थांबवणार नाही," मॅनेजर म्हणाले. "शेवटची वीट तेवढी मला विचारून लावतील. तोपर्यंत तुमचा वेळ."

मी सायकल काढली. वैशाखातल्या दुपारी चांद्याच्या रस्त्यावर सायकल मारणं म्हणजे तव्यावरून चालणं. भजनी मंडळाच्या म्होरक्याने डबा हळदीकुंकू लावून देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता. मी धापा टाकत सांगितलं, डबा पाहिजे, सोमाजी आत आहे.

"पयले नाई सांगावं? न्या ना," तो म्हणाला आणि डबा स्वतःच माझ्या मागे बांधू लागला. सुतळी आवळता आवळता त्याला राहवलं नाही. "पन परत द्यान ना? या गुरवारी भजन हाय."

परत आलो तेव्हा भिंत छातीपर्यंत आली होती. बिजलीसाहेबांनी कुंकू पुसायच्या भानगडीत न पडता झाकण काढलं. तारा बदलल्या, सगळं एका हाताने. मी आणि एक साहाय्यक दुसऱ्या हाताचं काम करत होतो, हे धरा, ते सोडा. सुंदर वळणाचं काम नव्हतं ते. कपॅसिटर काळ्या चिकटपट्टीने बांधलेले, पुरवठ्याचा मध्य धरणारे दोन रेझिस्टर एकमेकांवर वेडेवाकडे चढलेले. व्हॉल्व्ह तांबूस झाले. त्यांनी डब्याची एक काडी फिरवून त्यावरचा काटा मध्यावर आणला आणि हेडफोन चढवला.

"पाणी," ते म्हणाले.

कोठीत कुणी हललं नाही.

"पाणी टपकतंय. लाकूड करकरतंय." मग त्यांनी उजवा हात वर केला. "ठोकल्यासारखं काहीतरी आहे."

मॅनेजरनी हेडफोन जवळजवळ हिसकावला. बराच वेळ ऐकला. त्यांचा चेहरा उजळला आणि पुन्हा विझला. "अडकलेल्या माणसाने तीन ठोके द्यायचे, थांबायचं, पुन्हा तीन, हे आपण प्रत्येकाला शिकवलंय. हा एक ठोका आहे. मग गॅप. मग एक, तोही दुसरीकडून. हा दगड बसतोय. मी असे पुष्कळ ऐकलेत."

"असेलही," बिजलीसाहेब म्हणाले.

"असेलही म्हणजे?"

"माझा डबा आवाज सांगतो. माणूस आहे की दगड, हे तो सांगत नाही. मलाही नाही सांगता येत."

फोन वाजला. भिंत डोक्याएवढी झाली होती. वर एका माणसाचं डोकं मावेल एवढी फट राहिली होती आणि विचारणा होती, बुजवायची का. मॅनेजरनी रिसीव्हर कानाला धरून ठेवला.

बिजलीसाहेब दाराकडे गेले. "बाई, आत या."

पारबता आली. हेडफोन जुना होता. त्याची पट्टी ताठ होती, दोन्हीकडून ओढून फाकवल्याशिवाय डोक्यावर बसत नसे. त्यांनी एका हाताने प्रयत्न केला. पट्टी तिच्या अंबाड्यावर अडकली. तेव्हा त्यांनी डावा हात खिशातून काढला. मला वाटलं होतं, त्यावर कुठल्यातरी जुन्या भाजण्याची खूण असेल, एखादं बोट कमी असेल. काही नव्हतं. उजव्यापेक्षा जरा गोरा, साधा हात होता. दोन्ही हातांनी त्यांनी पट्टी फाकवली, हेडफोन तिच्या कानांवर नीट बसवला आणि हात तसेच धरून ठेवले.

तिने डोळे मिटले. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो, मॅनेजर रिसीव्हर धरून, मी श्वास धरून.

मग तिला एकदम राग आला. खरोखरचा, घरातला राग.

"हा तोच हाय," ती म्हणाली. "घरी बी असाच करते. जेवून उठला का मयालीले ठोकते. मंग हात लावून पाह्यते. मंग जरासा पुढं सरकते आन् अजून ठोकते. म्या कितीदा म्हनलं, झोप ना बाप्पा, हे काई खान नोहे. बजारात मडका घ्याले गेलो तरी साऱ्या दुकानाचे मडके ठोकत सुटते."

"नक्की, बाई?" मॅनेजरनी विचारलं. "दगडही असा वाजतो."

"माह्या झोपीचा सत्यानास केला त्या ठोकन्यानं. मले नाई कळन तं कोनाले कळन?"

मॅनेजरनी फोनमध्ये सांगितलं, "भिंत पाडा." आणि मग जरा वेळाने, खालच्या माणसाला ऐकू गेलं नसेल म्हणून, पुन्हा तेच.

भिंत पडली, हवा फिरली, धूर वाढला. उपसणारे आळीपाळीने तोंडाला ओली फडकी बांधून आत गेले. त्यात मघाशी वर यायला निघालेलेही होते. ढिगाऱ्याला भोक पडलं तेव्हा पलीकडे सोमाजी काठी घेऊन उभा होता. एक पाय सुजलेला, तोंड कोळशाने आणि धुराने माखलेलं. वर आणल्यावर मॅनेजर त्याच्याजवळ वाकले आणि म्हणाले, "शाबास. ठोकत राहिलास म्हणून वाचलास. पण तीन ठोके का नाही दिलेस?"

सोमाजीला प्रश्न कळला नाही. "कोनाले देऊ? मी तुमाले बलवून नोतो राह्यलो, साहेब. छत पाहून राह्यलो होतो. आनखी पडलं असतं तं?" मग तो पारबताकडे वळला. "तू काऊन आली? पोरगी कोनापाशी हाय?"

त्याचं म्हणणं तपासून पाहता तो अडकलेला नव्हता, कामावर होता. मी त्याला जादा पाळी लावली. मॅनेजरनी ती पाहिली आणि सही केली.

पुढे समारंभ झाला. तो होणारच होता. परदेशी यंत्राला हार घातला, त्याचा लाल दिवा लावला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साहेबलोक उभे राहून फोटो निघाला. विज्ञानाने एका गरीब मजुराचे प्राण वाचवले, असं मॅनेजर माइकवर म्हणाले. तो माइक ज्या ॲम्प्लिफायरला जोडला होता, तो टेबलाखाली होता आणि त्याच्यावर अजून कुंकू होतं. गुरुवारच्या भजनानंतर आम्ही तो पुन्हा मागून आणला होता. बिजलीसाहेबांनी मांडीवर थाप मारून भाषणाला टाळी दिली.

परत येताना मी त्यांना छेडलं. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"दिवाकोठीत बोललो होतो की. एकदा बोललं की कबुली असते. दुसऱ्यांदा बोललं की भाषण."

त्यांची बाकीची वेडं तशीच राहिली. पंगतीत मध्ये, बाकावर मध्ये. "निवडणारा चुकतो" हे वाक्य मात्र पूर्वीसारखं खणखणीत येत नसे, त्याआधी ते जरा थांबत.

पाय बरा झाल्यावर सोमाजी आणि पारबता त्यांच्याकडे आले, सोबत पळसाच्या पानात बांधलेली चारोळी घेऊन. पारबताने ती खाली ठेवून दोन्ही हात जोडले. त्यांनी एक हात कपाळाला नेला. ती हसली. "पाह्यला हाय मी तुमचा दुसरा हात," ती म्हणाली. "चांगला हाय."

सोमाजीचं लक्ष या बोलण्याकडे नव्हतं. तो वर बघत होता. मग त्याने खाटेवर चढून काठीने मयाल ठोकली. तळवा लावला. पुढे सरकला, पुन्हा ठोकली. तिथे आवाज भद्द आला.

"आतून वाळवीनं खाल्ली," तो म्हणाला. "साहेब, मधात झोपत नोका जाऊ. भित्तीकडे सरका."

बिजलीसाहेबांनी मयालीकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मधोमध बसण्याच्या बाजूने त्यांच्याकडे बरेच मुद्दे होते, ते मी सगळे ऐकलेले होते. त्यांनी एकही काढला नाही.

"ग्रंथपाल, ते टोक धरा," ते म्हणाले.

आम्ही खाट भिंतीपर्यंत नेली. मी दोन्ही हातांनी, ते एका. डावा हात खिशात होता.